बत्तीसचा ब्रेकर

१२ जाने.
माझं डोकं फिरलं ते आज दुपारी पावणेबाराला. जुनं मिलिंग मशीन, त्यावर नवे ड्राइव्ह नि नवा कंट्रोल बसवतोय. पॉवर दिली की ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर पडतो, वीज बंद. चार वेळा पडला. पॅनेलचं ड्रॉइंग मधुराचं. कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर असायची, आता चिपळूणच्या ऑफिसातून आमच्या वर्कशॉपला येते. मी म्हटलं, सहा अँपिअर कमी पडतायत, मोठा टाकू.
"सहाच बरोबर आहे. ट्रान्सफॉर्मर चालू होताना एकदम करंट खेचतो, तेवढं सोसणारा डी टाइप लागतो. तू साधा लावलायस. हा धडा यायच्या आधीच कॉलेज सोडलंस, नाही का रे?"
हसत म्हणाली. सुरेशमामाही हसले, आमचे ऑपरेटर.
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. कशाला.

१३ जाने.
डी टाइप रत्नागिरीत कुठेच नाही. कोल्हापूरहून मागवला, चार दिवस. मालक अण्णा म्हणे, "पार्टी डोक्यावर बसलीय. कायतरी कर बाबा." कपाटात ३२चा पडून होता. बसवला. पहिल्या झटक्यात चालू. मामा: "आरं वा, इंजनेर!"
वायर दीडची, बारीक आहे हे माहीत होतं. बत्तीस पडायच्या आधी वायर जळेल, हेही. एवढं शिकण्यापुरता मी कॉलेजात होतो.
तिला मशीनचा फोटो पाठवला. ब्रेकर येणार नाही असा. तिने नुसता अंगठा पाठवला. तो किती वेळा उघडून बघितला ते लिहीत नाही.

१७ जाने.
डी टाइप आला. खणात टाकला. चालतंय तर कशाला हात लावा... खोटं. तो लावला तर ती बरोबर ठरते. बस.

२१ जाने.
ट्रान्सफॉर्मर जुनाच ठेवला होता, आतून जळला. ब्रेकर पडला नाही. मामांनी धूर बघून पॅनेल उघडलं, मेन स्विच पाडायला हात घातला. वितळलेली वायर तळव्याला चिकटली. उजव्या.
दवाखान्यात मी नेलं. बाईकवर मागून सारखे, "हळू चालव रं, माना काय नाय झाला."
संध्याकाळी अण्णा: "बत्तीसचा कोणी लावायला सांगितला?"
"ड्रॉइंगप्रमाणे आहे."
कसं गेलं तोंडातून. छापील ड्रॉइंग माझ्याच खणात, त्यावर तिच्या अक्षरात लाल पेनाने "डी ६".

२२ जाने.
ती आली. लॅपटॉप उघडून दाखवला, सहाच आहे. अण्णा म्हणाले, "कॉम्प्युटरवर आता काय पण बदलता येतं गो. कागद दाखव." तिने माझ्याकडे बघितलं. मी स्पॅनर पुसत होतो, आधीच पुसलेला.
लॅपटॉप मिटून निघून गेली. भांडली असती तर मीही भांडलो असतो, ते मला जमतं. कॉलेजात सरांच्या तोंडावर फाईल फेकून आलो तेव्हा किती सोपं गेलं होतं.

२५ जाने.
तिच्या साहेबाचा अण्णांना फोन. दुसरा माणूस पाठवतो, मुलीला सध्या ऑफिसातच बसवलंय. अण्णा खूश.
रात्री मेसेज लिहिला, खोडला. सात वेळा. आठवा...

२७ जाने.
मामांकडे गेलो. पट्टी कोपरापर्यंत. "जेवान डाव्या हातानं जमताय. विडी पेटवायला मातुर बायको लागते, ती पेटवीत नाय." मामी आतून, "सुटली तर बराच!" मी हसलो.
मग मामा म्हणाले, "ती पोर आलेली काल. घावनं खाऊन गेली. तिचा काय चुकला ता माना कळत नाय. तू हुतास ना तिथं?"
होतो म्हटलं. चहा अर्धा टाकून निघालो.

२९ जाने.
आज अण्णांच्या केबिनमध्ये गेलो. लाल पेनाचा कागद टेबलावर ठेवला. बत्तीस मी लावला, सांगितलं. चार दिवसांची वाट बघवली नाही म्हणून नाही, राग होता म्हणून. अण्णा शिव्या देतील वाटलं. त्यांनी फोन उचलला, नंबर लावला, स्पीकरवर टाकून माझ्यासमोर ठेवला. "तिला सांग."
"हॅलो, काका?"
सगळं सांगितलं.   
मग ती: "मामांचा हात कसाय?"
"बरा होतोय."
"बोटं मिटतात?"
"दोन मिटत नाहीत अजून."
"हं." मग, "काका, हे आमच्या साहेबांना लेखी द्याल का?" अण्णा हो म्हणाले.  मी "मधुरा" म्हटलं तोवर तिने फोन ठेवला होता.
अण्णांनी पॅड पुढे सरकवलं. "माझं इंग्रजी बरं नाय. तूच लिही, सही पण तुझीच कर." लिहिलं. नावापुढे हुद्दा काय लिहू विचारलं. अण्णांनी कागद उचलून वाचला.
"तुला कामावर ठेवायचा का, ते मी मामाला विचारून सांगेन," म्हणाले.
कागद तिथेच ठेवला. बाहेर आलो नि केबिनचं दार ओढून घेतलं.