हातमोज्यांचं कपाट

।। जोतिबाच्या नावानं चांगभलं ।।

कोडोली,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

चि. आकाराम,

तुझ्या थोरल्या अक्काचा आशीर्वाद. आम्ही सगळी इकडं बरी हाय. तू तिकडं बरा असशीलच, तुला काय धाड भरलीय.

फोनवर बोलले असते, पण मी जरा अवघड काय काढलं की तुझी रेंज जाते. म्हणून नातवाच्या वहीची पानं फाडून लिहिते. माझी चौथी झाल्याली तुला ठाऊक हाय. काना-मात्रा तूच लावून घे.

दसरा झाला. भुईमूग काढायला आलाय. म्हैस व्याली, रेडी झाली. सूनबाईची कंबर धरलती, आता उठती-बसती हाय स्नेहल.

तुझा फोटो बघितला. दुसरी शेड उभी राहिली, पुढं कंटेनरची रांग, मधी तू बूट घालून. खाली लिहिलंस, "अक्का, आपली कोळंबी आता जपानला." आपली कशी रं? आपल्या ताटात एक तरी आलती का? तुटकी, काळी पडल्याली शेडच्या मागं मिळायची, ती बी रांग लावून.

पेपरात बी आलंय म्हणं. किनाऱ्याचा कायापालट, निर्यात अमुक पटीनं वाढली, नवं रस्तं, नवी हाटेलं. स्नेहलनं सगळं वाचून दाखवलं. मी विचारलं, सोलणाऱ्या बायांचं काय लिहिलंय? ती म्हणाली, "स्थानिक रोजगार असं लिहिलंय, आत्या." कोडोलीच्या बाया तुमच्या समुद्राला कवापास्नं स्थानिक झाल्या?

मी दोन हंगाम तिथं काढल्यात, मला सांगू नका. दर क्रेटवर चिठ्ठी असायची. कुठल्या तळ्यातली कोळंबी, कवा पकडली, कुठल्या गाडीतनं आली. गोऱ्या सायबाला कोळंबीचा जन्मदाखला लागतो. आणि जी बाई दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात घालून ती सोलते, तिचं नाव कुठल्या चिठ्ठीवर न्हाय.

आता मुद्द्याचं. कंपनीचा मुकादम म्हणून तू सांगितलंस, यंदा वीस बाया पायजेत, आणि जमलं तर कवळ्या पोरी बघ, त्यांचा हात चालतो. वर शेजारच्या मेहमुदाच्या पोरीचं, शाहिस्ताचं नाव तूच घातलंस. तर ऐक मग.

मेहमुदा दोन हंगाम तुझ्याकडं करून आली. नवरात्रात रेशनला गेली. मी मागंच उभी होते, स्नेहलसंगट. गणपतराव दुकानदार म्हणाला, "वहिनी, हात पुसून अंगठा लावा." पुसला. मशीननं घेतला न्हाय. "दुसरं बोट." न्हाय. दहाची दहा बोटं झाली, मशीन आपलं लाल. मागनं कुणीतरी म्हणालं, "पायाचा लावून बघा." सगळी हसली. मेहमुदा बी कमी न्हाय, म्हणाली, "पाय बी गमबुटात कुजल्यात, त्येंचा बी भरवसा न्हाय."

मग शाहिस्ताला घरनं बोलवलं. तिनं अंगठा टेकला, मशीन हिरवं. धान्य मिळालं. सिकंदरभावजी गेल्यापास्नं त्या घरात दोघीच. म्हणजे त्या घराचं गहू-तांदूळ आता एका पोरीच्या अंगठ्यावर हाय. आणि तो अंगठा तू मागतोयस.

सांजचं मेहमुदा आली. म्हणाली, "अक्का, तुमचा भाऊ शाहिस्ताला बोलवतोय. तुम्ही व्हय म्हणाला तर पाठवते. पर माझ्या हाताचं हे काय झालं?" मी म्हणाले, "साबण बदलून बघ." आणि चुलीवरचं दूध बघायला उठले. चुलीवर दूध नव्हतं.

कंपनीकडं हातमोजं न्हाईत असं न्हाय. ऑफिसच्या शेजारी निळं पत्र्याचं कपाट, आणि त्याची किल्ली तुझ्या कंबरंला. परदेशी सायब तपासायला यायच्या सकाळी तू क्रेट घेऊन फिरायचास, "घाला गं, घाला." सायबाची गाडी गेटाबाहेर पडली की तोच क्रेट उलटा यायचा, "काढा गं, काढा." एकदा मी काढलं न्हाईत. तू पन्नास बायांसमोर म्हणालास, "अक्का, मोज्यानं हात जड होतो, माल कमी निघतो. बहीण हायस म्हणून सूट देऊ व्हय?" मी काढून दिलं. भावाचं तोंड खाली जाऊ नये म्हणून.

आणि अंगठं जात्यात हे कंपनीला आमच्या आधी कळलंय. म्हणून तर गेटावरचं हजेरीचं अंगठ्याचं मशीन काढलं आणि तोंड दाखवायचं बसवलं. तू म्हणालास, नवीन तंत्र हाय. तोंड झिजल्यावर काय दाखवायचं तेवढं विचारून ठेव.

जे लिहायचं ते सोडून मी मघापास्नं बाकीचंच लिहीत बसलीय. लिहिते.

माझा अंगठा मेहमुदाच्या आधी गेलाय. दुसऱ्या हंगामावरनं आले तवाच. चार वर्सं झाली. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, कुणाच्या रेषा परत येत्यात, कुणाच्या न्हाय. माझ्या न्हाय आल्या. तवापास्नं रेशनला अंगठा स्नेहलचा. गावात सांगितलं, माझं डोळं अधू झाल्यात, मशीनवरचं दिसत न्हाय. सुई मी अजून एका दमात ओवते. पण लोक म्हणालं असतं, भावानं बहिणीची बोटं खाल्ली. तुझी अब्रू झाकली मी.

झाकली एवढ्यावर राहिलं असतं तर माझं मी भोगलं असतं. पण त्याच्यानंतर मी मेहमुदाला म्हणाले, "जा की, मी जाऊन आले, मला काय झालंय?" मुठी मिटून म्हणाले. ती माझ्या शब्दावर गेली. तू लावलेली जीप माझ्या शब्दावर भरती, आकाराम, तुझ्या न्हाय.

खंडेनवमीला कडाकण्या डब्यात भरून तिच्याकडं गेले आणि हात उघडून तिच्यापुढं धरला. तिनं माझा हात धरला, उजेडाकडं केला. मग विचारलं, "मला पाठवलं तवा म्हाईत होतं?"

मी व्हय म्हणाले.

भांडायची तयारी करून गेलते मी, ती भांडलीच न्हाय. उठून भाकऱ्या थापाय लागली.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, डबा परत आला. रिकामा. तीस वर्सं झाली मला हितं नांदायला येऊन, आमच्या दोघींत भांडं कधी रिकामं फिरलं न्हाय. ईदंला शेवया, एरवी काय नसलं तर साखरंची चिमूट, कढीपत्त्याची डहाळी. ह्या खेपेला घासून, पुसून, कोरडा ठणठणीत. मी झाकण दोनदा उघडून बघितलं.

डबा शाहिस्ता घेऊन आलती. दारातनंच म्हणाली, "मावशी, मला अजून बी जायचंय. हितं बसून मी काय करू? अम्मीचा अंगठा चालंना, माझा असा गेला तर दोघी उपाशी, ते कळतंय मला. मी मोजं घालूनच सोलणार. आकाराममामा काढा म्हणालं तर काढायची न्हाय."

पोरगी माझ्यापेक्षा धडाची निघाली. पण ती एकटी आडवी आली की तू तिला गेटाबाहेर बसवशील. तुला मी अंगावर खेळवलंय, मला ओळखू येतं.

म्हणून काल आणि आज घरोघर फिरले. बायांना हात दाखवला. धोंडुबाईच्या सुनंला, खालच्या आळीतल्या तिघींना, सगळ्यांना. कुणी शिव्या दिल्या, त्या ऐकल्या. तेरा बाया यायला तयार हाईत, शाहिस्ता चौदावी. पण त्या एका बोलीवर येणार. कपाटाची किल्ली त्यांच्यातल्या एकीकडं ऱ्हाणार, आणि मोजं सायब असू दे नसू दे, रोज. माल कमी निघाला तर निघू दे. जपान काय उपाशी मरत न्हाय.

तू म्हणशील, कंपनी ऐकत न्हाय. सात वर्सांत एकदा तरी सांगितलंस का?

दर साली भाऊबीजंला येतोस. मी ओवाळते, तू जेवतोस, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच अंगणातनं जीप भरून नेतोस. यंदा बोली कबूल असंल तर आधी कळव, पाट मांडते. कबूल नसंल तर जीप वेशीबाहेरनंच फिरव, अंगणात मी उभी असंन. आणि ओवाळून घ्यायला दुसरी बहीण बघ.

मेहमुदाच्या दारात मी अजून गेले न्हाय. तुझं उत्तर घेऊनच जाणार. काय घेऊन जायचं, ते आता तूच लिहून पाठव.

अजून तरी तुझीच,
अक्का