ओंजळ ओली असेपर्यंत

जव्हार

प्रिय वाघोबा,

तुला वाचता येत नाही आणि मला लिहिता येत नाही, म्हणजे जोडी अगदी जुळलेली आहे. मी सांगते आणि माझी नात हर्षदा लिहिते. उद्या ती सूर्यमाळला जाऊन खिंडीतल्या तुझ्या कोरलेल्या लाकडापुढे हे मोठ्याने वाचेल आणि संध्याकाळी परत येईल. वाघाला पत्र लिहायची तिला लाज वाटते. मी म्हटलं, त्या कमलेशला दिवसभर फोनवर लिहीत बसतेस, तो तर साधा बोकाही नाही. आता गाल फुगवून लिहिते आहे.

इथे कमूच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, दारासमोर बालवाडी आहे. तिथल्या बाई पोरांना आपलीच गोष्ट सांगतात. म्हातारी लेकीकडे निघते, वाघ आडवा येतो, म्हातारी म्हणते आधी लठ्ठ होऊन येते, मग खा. आणि परतताना भोपळ्यात बसून त्याला चकवते. पोरं टाळ्या पिटतात. वाघ बावळट, म्हातारी हुशार. एकदा वाटलं, उठून जावं आणि सांगावं, बाई, मी तेव्हा म्हातारी नव्हते, आणि तो बावळट तर मुळीच नव्हता. पण खाटेवरून उठवलं नाही.

तू झऱ्यावर पहिल्यांदा दिसलास तेव्हा मी पळाले नाही, कारण हंडा सांडला असता. सूर्यमाळच्या पोरीला वाघापेक्षा रिकाम्या हंड्याची भीती जास्त. वैशाख होता, झरा वाटीएवढा उरला होता, दगडांच्या फटीत तुझी जीभ पोचेना. मी ओंजळ पुढे केली. तू प्यालास, आणि माझी ओंजळ ओली होती तोवर तुला माणसाचं तोंड आलं. काय तोंड होतं! हर्षदा, लिही, थांबू नकोस. हात सुकले की पुन्हा पट्टे, पुन्हा मिशा. मग मी पुन्हा हात भिजवायची. घरी हंडा अर्धाच जायचा आणि आई म्हणायची, ही पोर पाणी आणते की वाटेत पिकाला देते?

जुनी माणसं सांगायची, वाघाने खाल्लेलं माणूस मरत नाही, सावली होऊन त्याच्यासोबत रानात चालत राहतं. तुमच्यात लग्न असंच लागतं. तू मला मागितलंस, पण तोवर मोखाड्याकडच्या माघ्याशी माझं ठरलं होतं. सासरी निघाले तर तू खिंडीत वाट अडवून बसलेला. मी म्हटलं, आत्ता नुसती हाडं आहेत रे, दातात अडकतील. जाते, चार घास खाते, लठ्ठ होऊन येते, मग खा. थट्टेत म्हटलं की खरं, ते मला अजून कळलेलं नाही. तू मात्र खरं मानून बाजूला झालास.

माघ्या चांगला होता. वीटभट्टीवर गेला आणि तिथेच तापाने गेला. कमू तेव्हा अंगावर पीत होती. माझा भाऊ लक्ष्या बैलगाडी घेऊन न्यायला आला. तुला दिलेला शब्द मीच त्याच्याजवळ बोलून बसले. झालं, त्याने आम्हा मायलेकींना भाताच्या कणगीत बसवलं, वर पेंढा टाकला. भोपळा कुठला? भोपळ्यात बाई मावते का? खिंडीत बैल थबकले आणि लक्ष्या झाडावर. पुढची वाट बघायला चढलो होतो, असं मरेपर्यंत सांगायचा.

तू कणगीला नाक लावलंस. बांबूच्या फटीतून मला तुझा डोळा दिसला. मी बाहेर येणारच होते, पेंढा सारलासुद्धा होता, आणि कमू रडली. तू कणगीवर पंजा ठेवलास, नखं आत घेऊन. मागाहून मी हात फिरवून पाहिलं, एक ओरखडा नव्हता. मग मागे गेलास, गाडीला खांदा दिलास आणि चढ पार करून दिलास. आणि लोक म्हणतात वाघ फसला.

त्यानंतर तू झऱ्यावर आला नाहीस. दर वाघबारशीला मी तुझ्या लाकडाला शेंदूर लावला, नारळ फोडला, ओंजळभर पाणी घेऊन उभी राहिले. हात सुकून जायचे. बाया म्हणायच्या, गंगीची भक्ती बघा. भक्ती म्हणे!

आता झराही गेला, उन्हाळ्यात टँकर येतो. कमूने मला इथे आणलं. हिच्याकडे नळ आहे, भातावर तूप आहे. आणि गंमत बघ, मी खरंच लठ्ठ झाले. पाय खांबासारखे, बोटं रताळ्यांसारखी. हर्षदा म्हणते, आजी, ती सूज आहे. मी म्हणते, तू लठ्ठ लिही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कमूला बाहेर नेऊन काही सांगितलं. तेव्हापासून ती मोरीत नळ सोडून रडते, मला ऐकू येऊ नये म्हणून. सूर्यमाळची लेक, आणि पाणी वाहतं ठेवून रडते! ओरडायला हवं होतं. नाही ओरडले.

परवा मला घरी, सूर्यमाळला, नेणार आहेत, म्हणून हे पत्र. दवाखान्याची गाडी आहे, पांढरी, वर दिवा. दुरून पाहिलीस तर भोपळाच. या वेळी फसल्याचं सोंग करू नकोस. आत कमू रडेल, तेव्हा रडली होती तशीच. तिचे केस पिकलेत, पदरी शहाणी पोर आहे, माझ्यावाचून तिचं अडणार नाही; तिला ते पटत नाही एवढंच. तिचं रडणं ऐकून पुन्हा वाट सोडू नकोस. खिंडीच्या वळणावर हर्षदा माझ्या ओंजळीत पाणी ओतेल, तसं तिने कबूल केलंय. बोटं सुजलीत, नीट जुळत नाहीत, पाणी फार वेळ राहणार नाही. हात ओले आहेत तोवर ये.

तुझीच, अजून खायची राहिलेली,
गंगी
(अंगठा)