काठाच्या सापेक्ष मी

३ तारीख, सकाळी ७
या महिन्यात या तिकीटखिडकीतून सुटायचंच. अकरा वर्षं झाली. पाय लांब करायचे तर दार उघडावं लागतं. बोट चालवणारे आमचे सारंग महिनाअखेर रिटायर होतायत, त्यांच्या जागेची परीक्षा २४ला. वयाच्या अटीमुळे माझा शेवटचा चान्स, म्हणजे यंदा पास होणं आलंच. पेपरात तो सापेक्ष वेग तेवढा आडवा येतो. रोज पाच गणितं.

४ तारीख
गर्दी होती. उद्या दहा.

७ तारीख
गणितं: शून्य. पाया पक्का करतोय. पुस्तकात बोटीला ‘नाव’ म्हणतात. आजपासून बोट म्हणायचं नाही. बायकोने विचारलं, शेवटची बोट वेळेत सुटली का. म्हटलं, नाव गेली. ती म्हणाली, गेली नाही, गेलं म्हणतात, आणि कुणाचं गेलं?

११ तारीख
अकरावीतली लेक शिकवायला बसली. म्हणते, नदी ओढत असते, म्हणून समोर सरळ पोचायला नावेचं तोंड प्रवाहाच्या उलट, तिरकं धरायचं. मी समजावलं की जायचं तिकडे तोंड करावं, साधा व्यवहार आहे. तिने वही मिटली. हुशार आहे, पण हेकट. कुणावर गेलीय कोण जाणे.

१२ तारीख, दुपारी
खिडकीतून नीट पाहिलं. सारंग नाव तिरकीच काढतात आणि ती बरोब्बर समोर लागते! अकरा वर्षं मला वाटायचं, म्हातारा घेतो. मागल्या साली तशी लेखी तक्रारही केली होती. पोचली नसावी.

१२ तारीख, संध्याकाळी
पोचली होती. त्यांची रक्ततपासणी झाली म्हणे. आता त्यांना शिकवा म्हणायचीही सोय नाही.

१९ तारीख
लेकीची मनधरणी केली. नाव ताशी १३, नदी ताशी ५, तर पलीकडे जायचा वेग ताशी १२. स्वतः काढलं. लेक नुसती शेजारी बसून ‘बाबा, वजाबाकी नाही, काटकोन त्रिकोण’ म्हणत होती.

२४ तारीख
पेपर फर्स्टक्लास! तेच गणित! दिलेली माहिती लिहायला पहिल्याच पानावर ‘नाव:’ म्हणून रेघ आखून दिलेली. लिहिलं, ताशी १३. नदीची रेघ छापायला विसरले होते, ती मी आखून दिली.

२९ तारीख
निकाल माझ्याच खिडकीच्या काचेवर बाहेरून चिकटवला. आतून काही वाचता येईना, धावत बाहेर गेलो. पहिला: ताशी १३. शंभरपैकी एक्क्याण्णव. मी कुठेच नाही.
साहेब म्हणाले, आपल्या परीक्षेत सीट नंबर नसतो, नावावरच सगळं चालतं. पेपर तुमचा कशावरून? म्हटलं, अक्षर माझं आहे. ते म्हणाले, सकाळपासून तिघांनी हेच सांगितलंय. जागा दुसऱ्या नंबरला दिली.
फार वाईट वाटलं. लेकीला म्हटलं, पहिला आलो. खोटं नाही बोललो. तिने मिठी मारली.

१ तारीख, सकाळी ६.४०
खिडकी उघडली. नवीन सारंग ओळख करून घ्यायला आले. वाकून अदबीनं म्हणाले, काका, नाव?
म्हटलं, ती काय, धक्क्याला लागलीय.