चकतीखालचा उजेड

मंगळवार, १८ नोव्हेंबर. घाटकोपर.

जमलं!

काल लॅबमध्ये मुलुंडच्या नव्या रस्त्याच्या भरावाचा मुरूम थराथराने ठोकून नमुना केला आणि भार देणाऱ्या यंत्राखाली ठेवला. पहिल्याच भाराला भसकन दबला. लॅबचे सर म्हणाले, "मऊ आहे गं. नापास लिही." नापास म्हणजे सगळा मुरूम परत. पण नमुना फोडला तर आतून विटेसारखा घट्ट! मग मऊ कसा?

यंत्रात असताना वरच्या लोखंडी चकतीखालून पलीकडचा उजेड दिसला होता, ते घरी येताना आठवलं. केसाएवढी फट. नमुन्याचं तोंड सपाट तासताना खडा निघाला की खळगा राहतोच. म्हणजे दबत होती ती फट, माती नव्हे. तसंच असणार!

सकाळी सरांना म्हटलं, "एकदा पुन्हा करू द्या ना."

"तू काय ऐकणारेस? कर."

नव्या नमुन्याच्या दोन्ही तोंडांना प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर दिला. चकती ठेवून वाकून पाहिलं. उजेड नाही! भार चढला आणि आलेखाची रेघ पहिल्यापासून ताठ वर गेली. सर चष्मा पुसून पुन्हा बघत राहिले. मग म्हणाले, "पास. अहवालावर सही तूच कर."

घरातली पहिली पदवी माझी. आज इंजिनियर म्हणून पहिली सही.

घरी सांगितलं तेव्हा बाबा टेम्पोची चावी फिरवत म्हणाले, "मगे त्या रस्त्यार पयलो टेम्पो माझो जातलो हां. खचलो तर तुकाच बोलावतलंय."

म्हटलं, "रिकामा नको बाबा, गच्च भरून न्या."