वैमानिकाला तीट

८ नोव्हेंबर
बोथला पोचले, मराठी शाळेत रुजूही झाले. मथुराबाईंकडे भाड्याने घेतलेली खोली छान आहे. मागे त्यांची वांगी आणि मेथी, खिडकीत दिवसभर ऊन. मंचेरियलच्या कोळशाच्या धुळीनंतर इथली हवा धुतल्यासारखी वाटते. सामान सोडायच्या आधी टेबल खिडकीशी ओढलं. प्रणिता हैदराबादला विमान चालवायला शिकते. या महिन्यात माझी लेक पहिल्यांदा एकटी उडणार. त्या दिवसासाठी तिला महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाचं छोटं मॉडेल बनवून द्यायचंय, अगदी लढून परत आल्यासारखं.

११ नोव्हेंबर
पंख आणि धड चिकटवलं, सांधे घासून काढले. वैमानिक बोटाच्या पेराएवढा. त्याचा चेहरा रंगवला आणि कानाजवळ काजळाची तीट लावली. प्रणिता हॉस्टेलला निघाली तेव्हा तिलाही अशीच लावली होती. ती लाजली, पण पुसली नाही. वैमानिकाला आत बसवून वर काच चिकटवली. मथुराबाई मेथी घेऊन आल्या. म्हणाल्या, एवढ्या शिकल्या मास्तरीनबाई अन् लेकरावानी खेळून राह्यल्या. दोघी हसलो.

१५ नोव्हेंबर
आधी चंदेरी रंग, त्यावर पाण्याने चिकटवलेले मिठाचे खडे, वरून हिरवा. आज मीठ चोळून काढलं. जिथे खडा होता तिथे रंगाचा टवका उडून पत्रा उघडा पडल्यासारखा दिसतो. नवी वस्तू जुनी करण्यात इतकं सुख असतं, हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी प्रणिताचा फोन. तिच्या हातांची कातडी टवक्याटवक्यांनी निघतेय. डॉक्टर ॲलर्जी म्हणाले.

१७ नोव्हेंबर
विमानाच्या धुराच्या नळ्यांमागे कोळशाची पूड बोटाने ओढली. हुबेहूब काजळी.

प्रणिता फोनवर खोकत होती. थुंकी काळी पडतेय म्हणाली. वर हसली, की शहराचा धूर. मला हसता आलं नाही.

१८ नोव्हेंबर
मथुराबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विमान उचललं नाही, लांबूनच वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, जित्या लेकराले लावतेत वं बाई तीट. बाहुल्याले लावून त्याच्यात तिचा जीव काऊन घातला?

मी चिडले. त्या गेल्यावर दार लावलं आणि ब्रश डब्यात बंद केले.

१९ नोव्हेंबर
हात लावला नव्हता. तरी पंखावरचे टवके वाढलेत. पोटाखाली तेलाचा ओघळ — मी काढलेला नाही.

प्रणिताला सांगितलं, उडू नकोस. कारण विचारलं तिने. मी पुन्हा तेच म्हटलं, उडू नकोस. ती रागावली. म्हणाली, हेच स्वप्न तू मला दिलंस ना. फोन ठेवला.

२० नोव्हेंबर
हिरवा रंग पुन्हा दिला. धरत नाही. सालीसारखा गळतो.

ती फोन उचलत नाही.

२१ नोव्हेंबर, दुपार
काच उचकटली. तीट पुसली की सुटेल, एवढंच डोक्यात. कापूस थिनरमध्ये बुडवून —

तीट तशीच. चेहरा पुसला गेला.

तिच्या खोलीतल्या शीतलचा धावपट्टीवरून फोन. प्रणिता वर आहे, एकटी. रेडिओवर सारखी म्हणतेय, काही दिसत नाही, दिवस असून काही —

डोळे परत रंगवते. तिचे डोळे मला आठवत कसे नाहीत — फोटो बघून काढते. फोटोत तिची वेणी आहे, निळी ओढणी आहे, तिच्या खांद्यावर माझा हात आहे, आणि ओढणीच्या वर —