चार नंबरचा सापळा

२८ एप्रिल १९९६

पहिली डबी उघडली! थंड पेटीतून काढलेली पाखरं, म्हणजे सफरचंदावरच्या अळीचे पतंग, निपचित पडलेली असतात. ऊन लागलं की एकेक पाय हलवतात, आणि मग भुर्र. ओसोयूसच्या केंद्रात जन्मलेली, किरणांनी वांझ केलेली. जंगली पाखरांशी जोडी जमवायची, अंडी घालू द्यायची. अळी काही निघायची नाही. अळी नाही तर सफरचंद पोखरणार कोण?

मागच्या वर्षी आमच्या बागेतल्या नऊ सापळ्यांत मिळून तीन जंगली सापडली. यंदा शून्य. इथे लिहून ठेवते — शून्य!

सरदारजी म्हणाले, "पाखरांना पाखरांकडूनच संपवायचं, आणि त्यासाठी माझी बायको नोकरीला!" हसू देत. वीस वर्षं दोघांनी तोंडाला फडकी बांधून विष फवारलं. त्यांचा तो खोकला मी अजून ऐकते आहे.

६ मे

पहिली मोजणी. मादीच्या कामगंधाच्या वासाने सापळ्यात शिरलेली सगळी आपलीच! काडीने चिरडलं की पोटातून लाल निघतं. त्यांना तिकडे खाण्यातूनच रंग देतात. जंगली असेल तर तपकिरी. नऊ सापळे, एकशे बारा पाखरं, सगळी लाल. हात धुतले तरी नखांत रंग राहिला.

११ मे

शिडीवरून पडले. सात नंबरचा सापळा उंच बांधला होता — मीच. घोट्याचं हाड मोडलं. नऊ आठवडे प्लास्टर! डॉक्टर म्हणाला, नशीब. कसलं डोंबलाचं नशीब?

१३ मे

रस्त्यावरच्या बाकीच्या बागा डॉरीनने दुसऱ्या मुलीला दिल्या. आमची बाग मात्र मी सोडली नाही. फोनवर म्हटलं, घरचीच आहे, मी करते. डॉरीन आमची साहेबीण, नियमाला पक्की. तिला हे सांगितलं नाही की सापळे सरदारजी बघणार आणि मी फक्त सही करणार.

सरदारजी का-कू करत होते. "रंगबिंग बघायचं काम तुझं, तेजो. पहिल्यापासून ठरलंय. सफरचंद तयार झालं का ते तू सांगायचं, उतरवायचं मी."

"मग सापळ्यांतले पुठ्ठे घरात आणा, मी बघते."

"ती चिकट घाण घरात?"

"अहो, लाल आणि तपकिरी! एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं!"

 टोपली उचलून गेले. निघताना मी खिडकीतून ओरडले, "चार नंबर नीट बघा! जंगली असतील तर तिथेच असतील!" चार नंबर शेजारच्या म्हाताऱ्या सिल्वेरियोच्या कुंपणाला लागून आहे. आणि कुंपणापलीकडे त्याचं ते झाड.

परत आले. सगळी लाल म्हणाले.

२० मे

चारमध्ये दोन जंगली.

मी म्हटलंच होतं! बाकी आठांत एकही नाही. सरदारजींनी आकडे सांगितले आणि लगेच पाणी सोडायला गेले. चहाही घेतला नाही.

२७ मे

चारमध्ये तीन. बाकी सगळीकडे लाल.

आता काय लिहू? सिल्वेरियो अठ्ठ्याहत्तरचा. आम्ही या खोऱ्यात आलो त्या वर्षी त्यानेच आम्हाला कलम बांधायला शिकवलं. मी त्याला बाबाजी म्हणते. सगळ्या पोर्तुगीज म्हाताऱ्यांत आपल्यालाच कोणी बाबाजी म्हणतं याचा त्याला केवढा तोरा! त्याच्या अंगणात एकच झाड, जुनं, जातही कोणाला ठाऊक नाही. फवारत नाही, छाटत नाही. "मी घर विकत घेतलंच नाही," म्हणतो. "झाड घेतलं. घर त्याच्यासोबत आलं."

पण अळीला काय, तिला सगळी झाडं सारखी.

३ जून

चारमध्ये पाच.

सलग तीन आठवडे. आकडे डॉरीनला कळवले. ती म्हणाली, "फळं झडवून भागणार नाही आता. झाड तोडायची नोटीस काढते." मग म्हणाली, "तू ओळखतेस ना त्याला? तू बोललीस तर सोपं जाईल."

बोलेन. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

रात्रीच्या जेवणाला सरदारजी म्हणाले, "एकच झाड आहे, तेजो. राहू दे की."

"एका झाडाने अख्खा रस्ता किडतो."

"आकडा चुकूही शकतो."

"कसा चुकेल? तुम्हीच मोजलात ना?"

पोळी अर्धी टाकून उठले. मला राग आला. एके काळी वर्षभर बोलणं बंद होतं दोघांचं, आताच कुठून माया आली त्यांना त्या म्हाताऱ्याची?

८ जून

कुबड्यांवर गेले. तीनशे पावलं, मध्ये दोनदा थांबले. बाबाजी झाडाखालीच होता, वालाच्या शेंगा सोलत. मला बघून उठला, खुर्ची दिली, पायाखाली उलटी बादली ठेवली.

मी आडपडदा न ठेवता सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी सगळी फळं काढतो. एकूण एक. उद्यापासून शिडी लावतो."

"वेळ गेली, बाबाजी. आणि या वयात शिडी? माझे हाल बघा."

"तू स्वतः बघितलीस ती पाखरं?"

मी हो म्हणाले. सरदारजींनी बघितली म्हणजे मीच बघितली, असा हिशोब केला मनात. वर म्हटलं, "आकडे खोटं बोलत नाहीत, बाबाजी."

त्याने एक शेंग सोलली. दुसरी सोलली. "आकड्यांचं मला नको सांगूस, पोरी. तू म्हणतेस ना? मग झालं. माणसं पाठव. नोटीस नको. माझ्या दारावर कागद चिकटवायचा नाही."

निघताना शेंगांची वाटी दिली. घेतली. न घेऊन काय करणार होते?

९ जून

झोप नाही. पण निश्चय तोच. मनात वाईट वाटतंय म्हणून काम सोडायचं नसतं.

१४ जून

कापलं.

करवतीचा आवाज सकाळी नऊला सुरू झाला, साडेदहाला थांबला. एवढंच! मी कुंपणाशी खुर्ची टाकून बसले. ज्या कामाला मी हो म्हटलं ते बघायलाच हवं. फांद्यांवर सुपारीएवढी फळं होती. माणसांनी ती गोणीत भरली आणि न्यायला उचलली. बाबाजीने एक काढून घेतलं, खिशात टाकलं. नियमाने तेही द्यायला हवं होतं. मी तोंड फिरवलं.

सरदारजी घरी नव्हते. सकाळीच गाडी घेऊन पेंटिक्टनला गेले, पंपाचा पट्टा आणायला. पट्टा घरात आहे. दोन आहेत.

२४ जून

आज पोर्तुगीजांचा साओ जोआओचा सण. दरवर्षी बाबाजी झाडाखाली टेबल मांडतो, सार्डिन मासे भाजतो, मक्याची भाकरी, घरची वाइन, आणि ज्याला त्याला हाक मारतो. मला वाटलं यंदा नसेल. अकरा वाजता कुंपणावरून ओरडला, "तेजो! पायाला सुट्टी आहे, पोटाला नाही!"

टेबल बुंध्याच्या कडेला मांडलं होतं, होतं त्याच जागी. सगळे उन्हात बसलो. वाइन बाटलीतच गरम झाली. जो तो सारखी खुर्ची इकडून तिकडे सरकवत होता.

सरदारजी आले नाहीत. पोट दुखतंय म्हणाले.

१ जुलै

चारमध्ये शून्य! सलग तिसरी मोजणी, एकही जंगली नाही. झाड गेलं आणि पाखरं गेली. याहून मोठा पुरावा कोणता? डॉरीनने फोनवर शाबासकी दिली. म्हणाली, "असं धैर्य सगळ्यांना नसतं."

मला रडू आलं. पण बरं वाटून आलं, असं मी इथे लिहून ठेवते.

१६ जुलै

प्लास्टर निघालं! पाय वाळक्या काठीसारखा दिसतो. पण माझा आहे. उद्यापासून चालणार. डॉरीनला म्हटलं, सोमवारपासून सगळे सापळे माझे.

१९ जुलै

डॉरीनला हंगामाचे जुने पुठ्ठे हवेत, दुसऱ्यांदा तपासायला. नियम आहे, सप्टेंबरपर्यंत जपून ठेवायचे. सरदारजींनी खोक्यांच्या शेडमध्ये खिळ्याला टांगले होते. वर गुरमुखीत तारखा, सुबक अक्षरात. हा माणूस मन लावून काम करतो, हे मला नेहमीच आवडत आलंय.

दारात उजेडात बसले. चार नंबर, २० मे. एकोणीस पाखरं, सगळी नीट काडीने चिरडलेली.

एकोणीसच्या एकोणीस लाल.

२७ मे. लाल. ३ जून, चोवीस पाखरं, पाच भोवती पेन्सिलने गोल. पाचही लाल! चष्मा पुसला. पुठ्ठा उन्हात धरला. नखाने खरवडला. लाल, लाल, लाल, लाल, लाल.

एकही जंगली पाखरू तिथे कधी नव्हतं.

२० जुलै

बोलले नाही त्यांच्याशी. बोलले तर घर पेटेल.

मला कळलं आहे सगळं. आठ वर्षांपूर्वी मी आईच्या शेवटच्या आजारपणात जालंधरला गेले होते, तेव्हा सरदारजींनी एकट्याने मॅकिन्टॉश सफरचंदं उतरवली. अर्धी हिरवी! पॅकिंगवाल्यांनी गाड्या परत पाठवल्या. सगळ्या गावासमोर सिल्वेरियो त्यांना म्हणाला होता, "काय रे अजैब, आंधळ्याकडून तोडून घेतलीस का?" लोक हसले. वर्षभर बोलणं बंद होतं दोघांचं. मला वाटायचं मिटलं.

मिटलं नव्हतं. आठ वर्षं पोटात ठेवलं आणि माझ्या सहीने म्हाताऱ्याचं झाड पाडलं. आणि मी तिथे जाऊन म्हणाले, आकडे खोटं बोलत नाहीत!

माणूस असा असतो? माझा माणूस?

२१ जुलै

गुरुद्वाऱ्यात शेजारी उभे होते पण मी बघितलं नाही. उद्या तोंडावर विचारणार. त्यांच्यादेखत दोन पाखरं ठेवणार, एक लाल, एक तपकिरी. शिकवणीसाठी ऑफिसने दिलेल्या नमुन्याच्या डबीत आहेत दोन्ही. बघू, माझ्या डोळ्यांत बघून कसं खोटं बोलतात.

२२ जुलै

सकाळच्या चहाला पांढऱ्या बशीत दोन्ही ठेवली. म्हटलं, "सांगा. यातलं जंगली कोणतं?"

सरदारजी वाकून बघत राहिले. बशी फिरवली. खिडकीकडे धरली. चहावर साय आली. मग बशी हळूच माझ्याकडे सरकवली, आणि दर ऑगस्टला बागेत म्हणतात अगदी तसंच म्हणाले, "तू सांग ना, तेजो."

तीस वर्षं! पगडीचा रंग मी निवडायचा. सिग्नलला मी "चला" म्हणायचं. सफरचंद लाल झालं, हे मी सांगायचं.

"मग जंगली म्हणून चार नंबरातलीच का लिहिलीत?"

"मला सगळी सारखीच दिसत होती. तूच म्हणाली होतीस. असतील तर तिथेच असतील."

आता दोघं निघालो आहोत बाबाजीकडे. पुठ्ठे माझ्या हातात आहेत. आधी मी बोलणार.