माझ्या विहिरीचं शेवाळ

३ फेब्रुवारी

विहीर खारी झाली म्हणे! कोण म्हणतं? माझा मुलगा. वर टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावर राहून याला माझ्या विहिरीची चव कळते! "बाबा, खाडीचं पाणी आत शिरलंय. डॉक्टर काय म्हणाले, विसरलात? बीपी बघा तुमचं. आमच्याकडे राहायला या."

नाही येत, जा! पायऱ्यांवरचं शेवाळ माझी शाळा सुटली तेव्हा होतं तेवढंच हिरवं आहे. पाणी खारं असतं तर ते मेलं नसतं? एवढं कळायला सातवीच्या पुढे शिकावं लागत नाही.

४ फेब्रुवारी

पंखा बघायला वायरमन आला होता. चहा दिला. एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "काका, ॲसिडिटी आहे." आजकालची पोरं! विशीत ॲसिडिटी.

७ फेब्रुवारी

मुलगा नातीला घेऊन आला. ती कॉलेजात शेवाळच शिकते – फी भरून! म्हणाली, "आजोबा, हिरवं आहे म्हणजे पाणी गोडंच, असं नाही. खार हळूहळू वाढला तर शेवाळ निभावून नेतं."

"त्याला कोण शिकवतं?"

"कोणी नाही. त्यात नर-मादी नाही. एकाचे दोन, दोनाचे चार, सगळ्या नकला. पण नक्कल होताना मधेच एखादी चूक होते. ती चूक खाऱ्यात कामाला आली तर तीच टिकते. मग तिच्याच नकला वाढतात. बाकीचं मरतं."

"म्हणजे सून आणायला नको. सुखी प्राणी!" मग मुलाकडे बघितलं. "माझी नक्कल काढतानाही चूक झाली. ती कधी कामाला येणार?"

नात हसून लोळली. तो नाही हसला.

पैज लागली. दोन बरण्या, दोन्हींत खाडीचं पाणी. एकीत त्यांच्या गच्चीवरच्या टाकीतलं शेवाळ, दुसरीत माझ्या विहिरीतलं. दोन्ही मेली तर माझी विहीर गोडी, पुन्हा विषय काढायचा नाही. माझं जगलं तर मी सामान बांधायचं.

मरणारच!

११ फेब्रुवारी

टाकीचं फिकं पडलं. माझंही पडेल. सारखा उठून बघतो. छातीत धडधडतं. पायही सुजल्यासारखे वाटतात. चप्पल आवळ झाली असेल.

१५ फेब्रुवारी

टाकीचं मेलं. पांढरं, बुळबुळीत, वास मारतंय. माझं हिरवंगार. बरणी उन्हात ठेवली, सावलीत ठेवली, हलवली – ढिम्म! मनात आलं, चहाचं आधण त्यात ओतावं. कोणाला कळणार आहे? पातेलं घेऊन उभाही राहिलो.

नाही ओतलं. त्यांचं टाकीतलं लाडावलेलं, आठवड्यात आडवं झालं. आणि हे बघा माझं! पैज हरतोय आणि छाती फुगतेय. काय म्हणावं या माणसाला!

१९ फेब्रुवारी

मुलगा बरण्यांकडे बघून म्हणाला, "मग, बाबा?"

म्हटलं, "येतो. पैज हरलो म्हणून. विहीर खारी झाली म्हणून नव्हे! शेवाळाला काय कळायचं ते कळलं असेल. मी जन्मभर हेच पाणी पितोय. खारं झालं असतं तर मला पहिल्या घोटाला कळलं असतं."

त्याने माझी बॅग उचलली. बरणी मी उचलली. ती कोणाच्या हातात देणार नाही.

२२ फेब्रुवारी

मुलाचं घर. सुनेने चहा दिला. नुसतं गरम पाणी! साखर होती, दूध होतं, मग काय कमी आहे तेच कळेना. ती आत गेली तशी टेबलावरचं चिमूटभर मीठ टाकून बघितलं.

आता लागला. अगदी माझ्या घरच्यासारखा.